दहा बेचाळीसची एकेरी गाडी

सिरिल ड्रिंगबद्दल आमच्या गावात कोणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "कोण, शुक्रवारवाला?" आणि कपाळाजवळ बोट नेऊन गोल फिरवील. मला या हसण्याची चीड येते. खरं तर चिडायचा मला काही हक्क नाही, कारण सिरिलला शुक्रवारवाला केला तो मीच.

आधी गाडीचं सांगतो. ऑल्डरविक स्टेशनात आठवड्यातून एकच गाडी थांबते. शुक्रवारी सकाळी दहा बेचाळीसला. एकच डबा, तोही इंजिनासकट. ती इथून मारफील्ड जंक्शनला जाते आणि परत येत नाही, कारण परतीची गाडीच नाही. गेलेल्या माणसाने मारफील्डला सत्तेचाळीस नंबरची बस धरायची आणि वाटेतल्या प्रत्येक खेड्याला वळसा घालत दोन तासांनी घरी यायचं. म्हणजे गाडीत बसायचं ते बसने परत येण्यासाठी. शहाणा माणूस या भानगडीत पडत नाही. आमचं गाव शहाण्यांचं आहे.

पूर्वी दिवसाला अकरा गाड्या यायच्या. मी तिकीटखिडकीवर होतो आणि सिरिल हमाल होता. नावाला हमाल, दिवे, सामान, फुलांच्या कुंड्या, दारांना तेल, म्हाताऱ्यांना हात, सगळं तोच बघायचा. गाडी थांबली की "ऑल्डरविक! ऑल्डरविक!" असं तो खणखणीत ओरडायचा. भलीमोठी पाटी समोर असताना ओरडतोस कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाला, "डेनिस, पाटी वाचणाऱ्यासाठी नाही ओरडत मी. झोपलेल्यासाठी ओरडतो." एकतीस वर्षं त्याने झोपलेल्यांना असं उठवलं.

मग दोन हजार तीन साली कंपनीने सगळ्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवल्या. शुक्रवारची एक तेवढी ठेवली. माझी खिडकी बंद झाली, सिरिलला निवृत्तीचं घड्याळ मिळालं, आणि मेथॉडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. कंपनीचा माणूस पाऊण तास बोलला. काय बोलला ते कोणाला कळलं नाही, पण मध्ये चहा आणि बिस्किटं होती म्हणून लोक बसून राहिले. शेवटी सिरिल उठला. टोपी दोन्ही हातांत धरलेली. म्हणाला, "साहेब, एवढंच सांगा. उद्या ही शुक्रवारचीही काढली, तर स्टेशन बंद?"

साहेब कागद चाळत बसला. सिरिल तसाच उभा. मला ते बघवेना. मी मागच्या रांगेतून म्हणालो, "अरे, काळजी कशाला करतोस? एक जरी माणूस गाडीत बसत राहिला ना, तरी स्टेशन बंद करता येत नाही. कायदाच आहे तसा."

कायदा मी कधी पाहिला नव्हता. कुठेतरी काहीतरी ऐकलं होतं, त्याला मी आपला झब्बा घालून उभा केला. पण हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सिरिल माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आजही दिसतं. "एक माणूस," तो म्हणाला. "एक तर मी आहेच."

त्याच सभेत 'ऑल्डरविक स्टेशनचे मित्र' नावाचं मंडळ निघालं आणि एकशे चाळीस जणांनी सह्या केल्या. पहिल्या शुक्रवारी साठ माणसं गाडीत बसली, कोणी केक आणला, कोणी पताका. दुसऱ्या शुक्रवारी अकरा. तिसऱ्याला पाऊस होता, दोघे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडे ते तीनच निघाले. आमच्या लोकांचं स्टेशनवर प्रेम आहे, खोटं नाही सांगत. चर्चवर आहे तसंच आहे: ते तिथे असावं, आपल्याला जावं लागू नये.

चौथ्या शुक्रवारपासून सिरिल एकटा.

माझं घर स्टेशनच्या समोर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फलाट दिसतो. शुक्रवारी साडेदहाला तो रस्त्याच्या टोकाला दिसायचा. टोपी, थर्मास, चीज आणि लोणच्याचं सँडविच कागदात गुंडाळलेलं. माझ्याकडे बघून हात वर करायचा. मी कप वर करायचो. गाडी यायची, लोरेन दार उघडायची. लोरेन ही त्या गाडीची गार्ड. ती सगळ्यांना 'राजा' म्हणते, तिकीट नसलेल्यालासुद्धा. "ये राजा, तुझा महाल रिकामाच आहे," असं म्हणून त्याला आत घ्यायची आणि प्रवाशांच्या तक्त्यात एकचा आकडा घालायची.

सिरिलची बायको ऑड्री फटकळ होती. ती मला म्हणायची, "बाईच्या नादाला लागला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. माझी सवत रुळांवरून येते, तिच्या झिंज्या कशा उपटू?" पण सँडविच तीच करून द्यायची.

सभेनंतर वर्षभराने फलाटावरचे दिवे मोजायला कंपनीचा एक इन्स्पेक्टर आला. थंडीत काकडत होता म्हणून त्याला मी चहाला बोलावलं. तो खिडकीतून स्टेशनकडे बघत म्हणाला, "गंमत बघा. मार्ग बंद करायचा तर सुनावण्या, वकील, हरकती, दोन-तीन वर्षं जातात. त्यापेक्षा आठवड्याला एक रिकामी गाडी हाकलणं स्वस्त. म्हणून ही चालते."

"आणि कोणी बसलंच नाही तर?"

"बसलं काय आणि नाही बसलं काय. गाडी धावली की झालं."

तो गेल्यावर मी उठलो, कोट घातला आणि सिरिलच्या घरी जायला निघालो. फाटकापर्यंत गेलोसुद्धा. आत तो ऑड्रीला काहीतरी वाचून दाखवत होता. त्याने स्टेशनमास्तरसारखी वही केली होती. गाडी किती वाजता आली, हवा कशी होती, फुलं कोणती फुलली. त्याचा आवाज खुशीत होता. मी फाटकावरून परत फिरलो. म्हटलं, कशाला बोला.

'म्हटलं, कशाला बोला.' आमच्या गावाच्या वेशीवर हेच वाक्य कोरून ठेवायला हवं. शेजाऱ्याचं छप्पर गळतं, आम्ही कशाला बोला. डॉक्टर चुकीच्या पायाला पट्टी बांधतोय, कशाला बोला. माणसाला दुखवायचं नाही म्हणून आम्ही तोंडात मिठाची गुळणी धरतो आणि तिला सभ्यता म्हणतो. पुढच्या महिन्यात सांगू, नाताळ झाल्यावर सांगू, असं करता करता पाच वर्षं गेली. पाच वर्षांनी सांगायचं म्हणजे आधी पाच वर्षं का नाही सांगितलं ते सांगायचं.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत ऑड्री छातीच्या दुखण्याने इस्पितळात होती. इस्पितळ मारफील्डच्या बरोबर उलट्या दिशेला. शुक्रवार होता. सव्वादहाला मी फलाटाबाहेर बर्फ झाडत होतो, तेव्हा सिरिल आला. रात्रभर तिच्याजवळ बसलेला होता, दाढी वाढलेली, थर्मास नाही, सँडविच नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"नर्स म्हणते, सकाळपासून बरी आहे. ऑड्रीच म्हणाली, जा, तुझी गाडी चुकेल." त्याने टोपी काढली, परत घातली. "डेनिस, आज नाही बसलो तर काय होईल रे?"

त्याने मला विचारलं. असं थेट, डोळ्यांत बघून, साध्या शब्दांत विचारलं. आणि मला उत्तर ठाऊक होतं. 'काही होणार नाही, जा परत तिच्याकडे,' एवढंच. किंवा 'जा तू, आजचा दिवस मी बसतो.' तेही सुचलं होतं मला. पण अकरा वाजता दाताच्या डॉक्टरची वेळ घेतलेली होती. मी म्हणालो, "ऑड्री काय म्हणते ते बघ."

"ती तर जा म्हणते."

"मग झालं तर."

तो गाडीत बसला. ऑड्री बाराला पाच कमी असताना गेली. त्या वेळी तो मारफील्डच्या बसथांब्यावर सत्तेचाळीस नंबरची वाट बघत होता. मोबाइल त्याने कधी घेतला नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी बसमधून उतरला तेव्हा त्याला सांगायला मीच उभा होतो, कारण दुसरं कोणी तयार होईना. माझी दाढ भूल दिल्यामुळे बधिर होती आणि शब्द नीट फुटत नव्हते. तो म्हणाला, "सावकाश बोल."

यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार होतो मी त्याला? इतके दिवस एक गोष्ट लपवत होतो, आता त्या गोष्टीच्या खाली ऑड्री होती. 'तुझं बसणं फुकट होतं' असं म्हणणं म्हणजे 'ती एकटी मेली ते फुकट' असं म्हणणं. दफन गुरुवारी झालं. शुक्रवारी साडेदहाला तो रस्त्याच्या टोकाला दिसला, हात वर केला. मी कप वर केला आणि तो तसाच सिंकमध्ये ओतला.

अशी आणखी दहा वर्षं.

त्यांची एकुलती एक मुलगी हेदर न्यूझीलंडला असते. दरवर्षी बोलवायची. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, म्हणजे एक तरी शुक्रवार बुडणार. सिरिल दरवर्षी काहीतरी कारण सांगायचा. गुडघा, मांजर, छप्पर. मांजर मेलं तरी दोन वर्षं तेच कारण चाललं. गेल्या डिसेंबरात मात्र तो माझ्या दारात आला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा पायपुसण्यावर उभा.

"आत ये की."

"नको, बूट ओले आहेत." मग एकदम म्हणाला, "हेदरला छातीत गाठ आहे. जानेवारीत ऑपरेशन. तिने विमानाचं तिकीटच पाठवलंय. म्हणते, बाबा, या वेळी गुडघा सांगू नका. पुढच्या वेळी बोलवायला मी असेन असं कोणी लिहून दिलेलं नाही."

"मग जा ना!"

"सहा आठवडे आहेत, डेनिस." तो बुटांकडे बघत होता. "सहा शुक्रवार."

दहा वर्षांनी देवाने माझ्यापुढे परत तोच प्रश्न ठेवला होता, तोही पायपुसण्यावर. मला खरं सांगता आलं असतं. मी त्याचं वाक्य पुरं होऊ न देता म्हणालो, "मी बसतो. सहाही."

त्याने मान वर केली. "तुझी पाठ?"

"पाठ माझी, तुला काय करायचंय? तू पोरीकडे जा."

त्याने माझा हात हातात घेतला. आमच्याकडे दोन पुरुष एवढा वेळ हात धरत नाहीत. मग घराची किल्ली आणि ती वही माझ्याकडे देऊन तो गेला, आणि मी स्वतःला शाबासकी दिली. खोटं झाकलेलं राहिलं आणि माणूसही सुटला. सापही मेला आणि काठीही तुटली नाही.

पहिल्या शुक्रवारी लोरेनने दार उघडलं आणि मला बघून भुवया चढवल्या. "अरे वा, नवा राजा!" तिने एकचा आकडा घातला. मी सिरिलच्या जागेवर बसलो. त्या बाकावर त्याने ऑड्रीच्या जुन्या पडद्याच्या कापडाची उशी ठेवली होती. चाळीस मिनिटं बीटाची शेतं, पाणी भरलेले चर, कोणाच्या तरी परसातल्या कोंबड्या. मारफील्डला उतरून बसथांब्यावर गेलो. बस बारा दहाला. थांब्यासमोर घड्याळ आहे, मोठं, बाजारपेठेच्या इमारतीवर. बाराला पाच कमी झाले तसं माझ्या लक्षात आलं की मी कुठे बसलोय. याच बाकावर, याच घड्याळाकडे बघत तो बसला होता, आणि त्याला काही माहीत नव्हतं. मी रडलो. एक बाई पिशवी घेऊन शेजारी बसली होती, ती सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिली. हेदेखील आमच्याकडचंच.

दुसऱ्या शुक्रवारी पावसाची झड होती आणि पाठीत कळ. म्हटलं, तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे, कोण सांगणार? मी खिडकीशी कप घेऊन उभा राहिलो. दहा पस्तीस झाले. फलाट रिकामा. रस्त्याच्या टोकाला कोणी नाही. दहा अडतीसला मी चहा टाकून, बुटाच्या नाड्या न बांधता धावत सुटलो. काही होणार नव्हतं हे जगात कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं, तरी धावलो. त्या दिवशी मला सिरिल थोडा कळला.

रविवारी त्याचा फोन यायचा. हेदरचं ऑपरेशन नीट झालं होतं, अजून अशक्त होती, तो तिला सूप करून देत होता. "गाडी वेळेवर होती का?" तो शेवटी विचारायचा. "होती," मी म्हणायचो. आकडा त्याने कधीच विचारला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

सहाव्या शुक्रवारी दहाला पोस्टमन आला. पाकिटावर न्यूझीलंडचा शिक्का होता. मी ते खिशात टाकलं आणि फलाटावरच्या बाकावर बसून फोडलं.

'प्रिय डेनिस,' त्याने लिहिलं होतं, 'हेदरला अजून औषधं चालू राहणार आहेत. मी उन्हाळ्यापर्यंत राहतो, कदाचित पुढेही. तुला आता बसायची गरज नाही. गरज कधीच नव्हती. गाडीत कोणी बसो न बसो, स्टेशन राहतं. ऑड्री गेल्यावर पुढच्या वर्षी लोरेनने मला सांगितलं. बिचारीला वाटलं मला बरं वाटेल. त्या शुक्रवारी मी गेलो नसतो तरी गाडी गेली असती, हे कळल्यावर महिनाभर मी तुझा राग केला. मग राग गेला आणि शुक्रवार तेवढा राहिला. गाडीत बसलो नाही तर त्या दिवशी मी कुठे गेलो होतो, याला उत्तर उरत नव्हतं. तुला सहा वेळा बसवलं, त्याची माफी कर. कोणीतरी जागेवर आहे म्हटल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. सभेत तू बोललास ते चांगल्या मनाने बोललास, ते मी विसरलेलो नाही. तुलाही खरं कळलं होतं का, आणि कधी, ते मला माहीत नाही. निघताना विचारणार होतो. पण तू इतका चटकन हो म्हणालास. म्हटलं, कशाला बोला.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आत गाडी आली. लोरेन दारात.

"तू त्याला सांगितलं होतंस?" मी पत्र वर धरलं.

तिचा चेहरा पडला. "हो. दहा वर्षं झाली. तुलाही सांगणार होते राजा, पहिल्याच दिवशी. पण तू इतका नेटाने आला होतास."

"म्हटलंस, कशाला बोला."

"तसंच काहीतरी." तिने खांदे उडवले. "आज नको येऊस मग. जा घरी, गरम चहा घे." आणि तक्ता छातीशी धरत म्हणाली, "फक्त आकडा मी आधीच घालून बसले, मागच्याच स्टेशनात. तू येतोसच म्हणून."

मी बघितलं. शाईचा, ठळक, एक. माझ्यापायी तिला खाडाखोड करायला लावायची, हे काही मला बरं वाटेना. मी चढलो.

मारफील्डला त्याच बाकावर बसलो. समोर घड्याळ. खिशात मी पोस्टकार्ड आणलेलं होतं, दर शुक्रवारी त्याला दोन ओळी टाकायचो म्हणून. ते गुडघ्यावर ठेवलं. त्याने विचारलं होतं, अगदी सरळ विचारलं होतं, त्या बर्फाच्या सकाळी विचारलं होतं तसंच. उत्तर चार शब्दांचं होतं: मला तेव्हाही माहीत होतं. बाराला पाच कमी झाले. बारा वाजले. रस्त्याच्या वळणावर सत्तेचाळीस नंबर दिसली, तेव्हा मी घाईघाईने लिहिलं:

'प्रिय सिरिल, पत्र मिळालं. हेदरला आशीर्वाद. गाडी आज वेळेवर होती.'